विद्यार्थि-संशोधक सर विल्यम पर्किन

शाळेच्या प्रयोगशाळेंत नेहमीं दिसणारा एक देखावा आहे. पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें दोन द्रव्यें एकत्र केलीं, परंतु पांढरा सांका यावयाचा तो न येतां कांहीं तरी काळपट, चिकट गाळ नळीच्या तळाशीं बसतो. विद्यार्थी इकडेतिकडे पाहतो, नळी मोरींत ओततो आणि शेजाऱ्याच्या वहींतून अपेक्षित उत्तर उतरून घेतो. आम्ही शिक्षकहि पुष्कळदां पाहून न पाहिल्यासारखें करतों. कारण गुण मिळतात ते पुस्तकांतील उत्तरास. नळींत प्रत्यक्ष काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. या सवयीनें आपण काय गमावतों हें समजून घ्यावयाचें असेल, तर अठराव्या वर्षीं असाच एक काळा गाळ हातीं आला असतां तो फेंकून न देणाऱ्या मुलाचें चरित्र वाचावें. त्या मुलाचें नांव विल्यम हेन्री पर्किन.

विल्यमचा जन्म १२ मार्च १८३८ रोजीं लंडन शहराच्या पूर्वभागीं, शॅडवेल या वस्तींत झाला. ही वस्ती थेम्स नदीवरील गोद्यांच्या जवळची. राहणारे लोक बहुधा कारागीर, खलाशी व मजूर. वडील जॉर्ज पर्किन सुताराचा धंदा करीत व घरें बांधण्याचीं कामें घेत. सात भावंडांत विल्यम सर्वांत धाकटा. घरीं श्रीमंती नव्हती, परंतु चार पैसे गांठीं बांधून असलेलें तें कष्टाळू कुटुंब होतें. चित्रें काढावीं, यंत्रांचे नकाशे करावे, हातांनीं कांहीं तरी घडवावें, असे मुलाचे नाना छंद होते. छायाचित्रणाची कला तेव्हां अगदीं नवी होती. तरी चौदाव्या वर्षीं त्यानें स्वतःचें छायाचित्र स्वतःच काढलें. त्याच सुमारास एका सोबत्यानें त्याला सोडा व तुरटी यांचे स्फटिक करून दाखविले. साध्या दिसणाऱ्या पाण्यांतून रेखीव, चकचकीत खडे आपोआप बांधले जातात हें पाहून मुलगा थक्क झाला. आपण रसायनशास्त्रच शिकावयाचें, असें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें.

पुढें तो सिटी ऑफ लंडन स्कूल या शाळेंत गेला. त्या काळीं इंग्लंडांतील फार थोड्या शाळांतून शास्त्र शिकविलें जाई. या शाळेंत रसायनाचे पाठ होते, परंतु वेळापत्रकांत त्यांस जागा नव्हती. म्हणून आठवड्यांतून दोनदां जेवणाच्या सुटींत ते होत. ते पाठ टॉमस हॉल नांवाचे शिक्षक घेत. मुलगा फार उत्सुक आहे हें पाहून हॉल यांनीं प्रयोगांची मांडामांड करण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें. नळ्या धुवाव्या, द्रव्यें मोजून ठेवावीं, पाठ संपल्यावर सर्व आवरावें, यांत विल्यमचें जेवण वारंवार राहून जाई. त्याला त्याचें कांहींच वाटत नसे. पाठ देणारे गुरुजीहि आपल्या विश्रांतीचा वेळच खर्चीत होते. शास्त्राच्या इतिहासांत टॉमस हॉल यांचें नांव कोणत्याहि मोठ्या शोधास जोडलेलें नाहीं. परंतु जेवणाच्या त्या सुट्या त्यांनीं स्वतःसाठीं राखून ठेवल्या असत्या, तर पुढील सारी हकीकत लिहावी लागली नसती.

हॉल यांच्याच सूचनेवरून विल्यमनें एक धाडस केलें. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें व्याख्यानें देत असत. या मुलानें त्यांस पत्र लिहून व्याख्यानास येण्याची परवानगी मागितली. फॅरेडे यांनीं स्वतः उत्तर पाठवून ती दिली. फॅरेडे हे स्वतः लोहाराचे पुत्र असून पुस्तकें बांधण्याची उमेदवारी करतां करतां शास्त्राकडे वळलेले. सुताराच्या मुलाच्या पत्राची किंमत त्यांस कळली यांत नवल नाहीं. शनिवारीं दुपारीं तो मुलगा त्या सभागृहांत जाऊन बसूं लागला. तेथें ऐकलेल्या एका विषयाशीं त्याची उतारवयांत पुन्हां कशी गांठ पडली, तें पुढें येईल.

वडिलांची इच्छा निराळी होती. मुलानें घरांचे नकाशे करणारा शिल्पज्ञ व्हावें, असें त्यांस वाटे; आणि बांधकामांत आयुष्य घालविलेल्या बापास तें वाटणें अगदीं स्वाभाविक होतें. रसायनशास्त्र शिकून पोट कसें भरावयाचें, या प्रश्नास त्या काळीं नीटसें उत्तरहि नव्हतें. हॉल अनेक वेळां वडिलांस भेटले व त्यांची समजूत घालीत राहिले. शेवटीं वडिलांनीं आपली इच्छा बाजूस ठेवली. १८५३ मध्यें, वयाच्या पंधराव्या वर्षीं, विल्यम रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री या संस्थेंत दाखल झाला.

हें कॉलेज १८४५ मध्यें निघालेलें असून ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हे तरुण जर्मन पंडित त्याचे प्रमुख होते. हॉफमन यांची शिकविण्याची पद्धति त्या वेळच्या इंग्लंडांत नवीन होती. पाठ दिला, पाठ घेतला, एवढ्यावर ते थांबत नसत. विद्यार्थ्याचा हात नळीवर बसला कीं लगेच ते त्यास ज्याचें उत्तर कोणत्याहि पुस्तकांत नाहीं असा एखादा प्रश्न देत व त्याच्या टेबलाशीं येऊन रोज विचारपूस करीत. त्यांचा आवडता विषय म्हणजे दगडी कोळशाचें डांबर. शहरांतील दिव्यांसाठीं कोळसा भट्टींत तापवून गॅस काढीत. मागें उरे तें हें काळें, दुर्गंधी, कोणास नकोसें झालेलें द्रव्य. त्यांतून बेंझीन, नॅफ्थॅलीन, अँथ्रासीन असे नाना पदार्थ निघतात, आणि बेंझीनपासून अ‍ॅनिलीन करतां येतें. त्यांचे गुणधर्म शोधून काढणें हेंच हॉफमन यांच्या शिष्यांचें काम.

विल्यमला मिळालेला पहिला प्रश्न अँथ्रासीनचा होता. त्यानें पुष्कळ खटपट केली, परंतु हवें तें द्रव्य कांहीं हातीं आलें नाहीं. पहिलेंच संशोधन फसलें. तथापि त्या फसलेल्या कामांत अँथ्रासीन कसें हाताळावें याचें जें ज्ञान झालें, तें तेरा-चौदा वर्षांनीं त्याच्या फार उपयोगीं पडलें. दुसरा प्रश्न सुटला. सतराव्या वर्षीं हॉफमन यांनीं त्यास आपला मदतनीस नेमिलें. मान मोठा होता, पण त्यामुळें सर्व दिवस गुरूंच्या कामांत जाऊं लागला. मग विल्यमनें आपल्या घरींच प्रयोगशाळा थाटली. एका लहानशा लांबट खोलीचा अर्धा भाग, एक टेबल, बाटल्या ठेवण्यास कांहीं फळ्या आणि चुलाण्याच्या जागीं बांधलेली एक भट्टी, एवढाच तिचा थाट. पाण्याचा नळ नव्हता, गॅस नव्हता. स्पिरिटच्या दिव्यांवर काम चाले. संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं तो तेथें स्वतःचे प्रयोग करी.

त्या काळचा एक मोठा प्रश्न म्हणजे क्विनीन. आपल्याकडे जुनीं माणसें त्यास कोयनेल म्हणत. हिंवतापावर हें एकच खात्रीचें औषध होतें, आणि तें दक्षिण अमेरिकेंतील सिंकोना झाडाच्या सालींतून काढीत. साल महाग, पुरवठा अपुरा, आणि हिंदुस्थानासारख्या देशांत तापानें मरणाऱ्यांची गणती नव्हती. हें औषध प्रयोगशाळेंत बनवितां आलें तर केवढें कार्य होईल, असा विचार हॉफमन यांनीं १८४९ मध्येंच लिहून ठेविला होता. तो विल्यमच्या मनांत बसला.

त्याचा हिशेब असा. क्विनीनच्या एका रेणूंत कार्बनचे २०, हायड्रोजनचे २४, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे २ अणु असतात. डांबरापासून करतां येणाऱ्या अ‍ॅलिल टोल्युइडीन या पदार्थाच्या रेणूंत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १३ व नायट्रोजनचा १. म्हणजे या पदार्थाचे दोन रेणु घ्यावे, त्यांत ऑक्सिजनचे तीन अणु घालावे आणि पाण्याचा एक रेणु काढून टाकावा. कीं बेरीज-वजाबाकी तंतोतंत जुळून क्विनीन तयार! तुम्हीहि वहींत मांडून पाहा. हिशेबांत चूक नाहीं. चूक होती ती निराळीकडे. विटांची संख्या सारखी असली म्हणजे दोन घरें सारखीं होत नाहींत. कोणती वीट कोठें बसली आहे यावर घर अवलंबून असतें. रेणूंतील अणूंची रचना कशी असते हें तेव्हां कोणासच माहीत नव्हतें. क्विनीनची रचना इतकी गुंतागुंतीची आहे कीं तें प्रयोगशाळेंत बनविण्याचा मार्ग सांपडण्यास १९४४ साल उजाडावें लागलें. अठरा वर्षांच्या मुलानें अर्ध्या खोलींत त्यावर हात घातला, यांत त्याचें अज्ञान होतें आणि धैर्यहि होतें.

१८५६ सालची ईस्टरची सुटी. विल्यमनें ठरल्याप्रमाणें आपलें द्रव्य घेतलें व त्यावर पोटॅशियम डायक्रोमेटचा प्रयोग केला. क्विनीन पांढरें असतें. आला तो मळकट, तांबूस तपकिरी सांका. प्रयोग फसला होता. येथें बहुतेक विद्यार्थी थांबले असते. विल्यमनें मात्र असा विचार केला कीं, झालें तें कां झालें हें समजण्यासाठीं हाच प्रयोग अधिक साध्या पदार्थावर करून पाहावा. त्यानें अ‍ॅनिलीन घेतलें. या वेळीं जो सांका आला तो पहिल्यापेक्षांहि वाईट, अगदीं काळाकुट्ट. तो त्यानें गाळला, वाळविला, त्यांतील डांबरट भाग धुऊन काढला आणि उरलेली पूड मद्यार्कांत घातली. त्याबरोबर तो सबंध द्रव सुंदर जांभळ्या रंगानें भरून गेला.

हा दैवाचा खेळ होता काय? कांहीं अंशीं होता. विल्यमजवळचें अ‍ॅनिलीन शुद्ध नव्हतें. त्यांत टोल्युइडीन नांवाचें दुसरें द्रव्य मिसळलेलें होतें, आणि त्या भेसळीवांचून हा रंग तयारच झाला नसता. परंतु दैवानें दिलें तें फक्त काळ्या गाळाच्या रूपानें. ज्यानें त्याच्या आधीं गाळणें, वाळविणें, धुणें, विरघळविणें या क्रमानें शेंकडों पदार्थ तपासले होते, त्यालाच त्या गाळाच्या पोटांतील रंग दिसूं शकला. पुढें त्या रंगाचा रेणु कसा आहे याविषयीं रसायनज्ञांनीं बराच काळ विचार केला, आणि पूर्वींची समजूत चुकीची असून त्यांत एकाहून अधिक द्रव्यें आहेत हें १९९४ मध्यें दाखविण्यांत आलें. विद्यार्थ्याच्या एका सुटींतील काम तपासावयास शास्त्राला जवळजवळ एकशें चाळीस वर्षें पुरलीं नाहींत!

विल्यम लहानपणापासून चित्रें काढणारा. रंगाची ओढ त्याच्या अंगांतच होती. त्यानें त्या द्रवांत रेशमाचा तुकडा बुडविला. तो धुतला, उन्हांत ठेवला. रंग गेला नाहीं. या साध्या परीक्षेंत फार मोठा अर्थ भरलेला होता. जांभळा रंग प्राचीन काळापासून मोलाचा. भूमध्य समुद्रांतील गोगलगायींपासून तो थेंबाथेंबानें काढीत, म्हणून तो राजेलोकांस व धनिकांसच परवडे. बायबलांतील प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकांत थुवतीरा नगरच्या लुदियेचा उल्लेख आहे. ती जांभळीं वस्त्रें विकून चरितार्थ चालवी, यावरूनच त्या व्यापाराचें महत्त्व कळतें. त्याच मोलाचा रंग आतां कोणास नकोशा झालेल्या डांबरांतून निघाला होता.

विल्यमनें रेशमाचे नमुने स्कॉटलंडमधील पर्थ येथील पुलर या नामांकित रंगाऱ्यांकडे पाठविले. १८५६च्या जून महिन्यांत त्यांचें उत्तर आलें. माल फार महाग न पडला तर हा शोध मोलाचा ठरेल, असा त्याचा आशय होता. मात्र सुतावर हा रंग चांगलासा बसत नाहीं, हेंहि त्यांनीं मोकळेपणानें कळविलें. मग विल्यम व त्याचा वडील भाऊ टॉमस यांनीं घरामागील बागेंतील खोपटांत थोडा अधिक माल करून पाहिला. पेटंट घ्यावयाचें ठरलें, तेव्हां अठरा वर्षांच्या मुलास पेटंट मिळूं शकतें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला. कायदेपंडितांचा अनुकूल सल्ला मिळाला व २६ ऑगस्ट १८५६ रोजीं पेटंटाची नोंद झाली.

आतां खरी परीक्षा पुढें आली. विल्यमनें गुरूंस सर्व सांगितलें व कॉलेज सोडून कारखाना काढण्याचा आपला बेत कळविला. हॉफमन यांस तें मुळींच आवडलें नाहीं. त्यांची नाराजी क्षुल्लक नव्हती. हा आपल्या सर्वोत्तम शिष्यांपैकीं एक. शास्त्राच्या सेवेस लागावयाचा तो अर्धवट वयांत व्यापाराच्या पाठीमागें लागून दोन्हींकडून बुडेल, अशी त्यांस भीति वाटली. विल्यमच्या मनासहि तीच भीति शिवली होती. ज्यांनीं आपल्यास घडविलें त्यांचें मन मोडावें कीं हातीं आलेलें काम सोडून द्यावें, हा पेंच अठराव्या वर्षीं सुटण्यासारखा नसतो. त्यानें गुरूंचें म्हणणें ऐकून घेतलें, कॉलेज सोडण्याचा निश्चय कायम ठेविला, आणि त्याच वेळीं स्वतःशीं एक वचन केलें, कीं कांहीं झालें तरी संशोधन सोडावयाचें नाहीं. वचन करणें सोपें असतें. तें पाळलें कीं नाहीं हें पाहण्यास पुढील पन्नास वर्षांकडे पाहावें लागेल. आतां तो विद्यार्थी राहिला नव्हता. म्हणून येथून पुढें आपणहि त्याचा उल्लेख आदरानें करूं.

ज्या वडिलांस हा विषयच पसंत नव्हता, त्यांनींच आपली जन्माची शिल्लक मुलाच्या कारखान्यांत घातली. भाऊ टॉमसनेंहि आपलें भवितव्य त्यास जोडलें. १८५७च्या जून महिन्यांत लंडनच्या वायव्येस, कालव्याच्या कांठीं, ग्रीनफर्ड ग्रीन येथें बांधकाम सुरू झालें. या तिघांपैकीं कोणीहि तोंवर रसायनाचा कारखाना आंतून पाहिलेला नव्हता. अ‍ॅनिलीन बाजारांत विकत मिळत नव्हतें. बेंझीनपासून तें स्वतःच करावें लागे. त्यासाठीं हवें तितकें तीव्र नायट्रिक आम्लहि मिळेना. तेव्हां चिलीचा सोरा व गंधकाम्ल यांचें मिश्रण वापरण्याची युक्ति काढावी लागली. कांचेच्या चंबूंत जें सहज होई, तें लोखंडाच्या मोठ्या भांड्यांत करतांना स्फोटाचें भय असे. तरीहि सहा महिन्यांत, १८५७च्या डिसेंबरांत, लंडनच्या रेशीम रंगविणाऱ्यांकडे माल जाऊं लागला. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून टॅनिन वापरण्याची रीतिहि निघाली. फ्रान्समधील पेटंट तांत्रिक चुकीमुळें हातचें गेलें, व तेथील कारखानदारांनीं हाच रंग बनविण्यास आरंभ केला. त्यांच्याच भाषेंतील एका फुलझाडावरून रंगाचें मोव्ह हें नांव रूढ झालें. हें झाड आपल्या जास्वंदीच्याच कुळांतील आहे. त्या वर्षांत फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी व इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया यांच्या पोषाखांमुळें जांभळट छटेची आवड सर्वत्र पसरली, आणि पर्किन यांच्या मालास बाजारपेठ तयारच मिळाली.

पाठोपाठ इतर रसायनज्ञांनीं डांबरापासून तांबडे, निळे, हिरवे असे अनेक रंग काढले. गंमत अशी कीं हॉफमन हेहि या विषयांत उतरले व त्यांच्या नांवानेंच कांहीं जांभळे रंग प्रसिद्ध झाले. पर्किन यांचें दुसरें मोठें काम १८६९ मधील. मंजिष्ठाच्या मुळांतील तांबड्या रंगाचें द्रव्य अ‍ॅलिझरीन हें अँथ्रासीनपासून करतां येतें, असें ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८६८ मध्यें दाखविलें, परंतु त्यांची कृति फार खर्चाची होती. पर्किन यांनीं स्वस्त कृति शोधून काढली. विद्यार्थिदशेंत फसलेलें अँथ्रासीनवरील तें पहिलें काम आतां कामास आलें. जर्मन शास्त्रज्ञांनीं हीच कृति स्वतंत्रपणें शोधून पर्किन यांच्या आधीं फक्त एक दिवस पेटंटासाठीं अर्ज केला होता. पुढें उभयपक्षीं समजुतीनें बाजार वांटून घेण्यांत आला. १८७१ मध्यें एका ग्रीनफर्डच्या कारखान्यांतून २२० टन अ‍ॅलिझरीन बाहेर पडलें.

या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. डांबराच्या रंगांनीं जसे कारखाने उभे केले, तसे अनेक शेतकऱ्यांचे पिढीजात धंदे बुडविले. युरोपांतील मंजिष्ठाची लागवड थोड्याच वर्षांत संपली. आपल्या देशांत तांबड्या रंगासाठीं लावीत ती आल नांवाची झाडें शेतांतून नाहींशीं झालीं. १८९७ मध्यें जर्मनींत कृत्रिम नीळ विक्रीस आली आणि बिहारांतील निळीचा व्यापार ढासळला. त्याचा भार मळेवाल्यांनीं रयतेवर टाकला, आणि १९१७ मध्यें गांधीजींस चंपारण्यांत जावें लागलें, ही हकीकत तुम्ही इतिहासांत वाचतां. रंगाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मजुरांस मूत्राशयाचे कर्करोग होतात, हेंहि १८९५ पासून दिसूं लागलें. एका विद्यार्थ्यानें हें सर्व योजिलें नव्हतें. परंतु प्रयोगशाळेंतील कृत्य प्रयोगशाळेच्या भिंतींत राहत नाहीं, ही जाणीव शास्त्र शिकणारानें पहिल्या दिवसापासून ठेवावी.

त्याच रंगांनीं दुसरें एक कामहि केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसावे म्हणून त्यांस रंग देतात. रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ मध्यें क्षयाचा जंतु शोधून काढला तो डांबरापासून केलेल्या रंगांच्या साह्यानेंच. १८९१ मध्यें एर्लिख व गुटमान यांनीं मेथिलीन ब्लू हा रंग हिंवतापाच्या दोन रोग्यांस देऊन त्याचा गुण येतो असें दाखविलें. हिंवतापाचें औषध शोधावयास निघालेल्या मुलास रंग सांपडला होता; पस्तीस वर्षांनीं रंगांतून हिंवतापावर औषध सांपडलें.

१८७४ मध्यें, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, धंदा भरभराटींत असतां पर्किन यांनीं कारखाना विकून टाकला. कारखान्याच्या धामधुमींतहि त्यांनीं संशोधन चालू ठेविलें होतें. १८६८ मध्यें त्यांनीं कूमारिन हें सुगंधी द्रव्य कृत्रिम रीतीनें बनविलें, आणि त्यांच्या नांवाची रासायनिक क्रिया आजहि महाविद्यालयांतून शिकवितात. आतां राहत्या घराजवळ त्यांनीं प्रयोगशाळा थाटली व उरलेलें आयुष्य निव्वळ ज्ञानासाठीं वाहिलें. चुंबकाच्या प्रभावानें प्रकाशकिरणाची कंपनदिशा वळते, हा शोध फॅरेडे यांनीं १८४५ मध्यें लाविला होता. निरनिराळ्या द्रवांत ही दिशा किती वळते याचीं मापें पर्किन वर्षानुवर्षें घेत राहिले व त्यांवरून रेणूंच्या रचनेविषयीं अनुमानें काढीत राहिले. या कामाबद्दल रॉयल सोसायटीनें त्यांस १८८९ मध्यें डेव्ही पदक दिलें. ज्यांनीं एका शाळकरी मुलास व्याख्यानास येऊं दिलें, त्यांचें ऋण त्या मुलानें असें फेडलें. आणि अठराव्या वर्षींचें वचनहि पुरें केलें.

१९०६ मध्यें त्या शोधास पन्नास वर्षें झालीं, तेव्हां देशोदेशींचे रसायनज्ञ लंडनमध्यें जमले. पर्किन यांस सर ही पदवी मिळाली. जर्मन रसायनज्ञांनीं त्यांस जें पदक अर्पण केलें तें हॉफमन यांच्या नांवाचें होतें. ज्या गुरूंची नाराजी पत्करून शिष्य बाहेर पडला, त्याच गुरूंच्या नांवाचा मान त्याच्या हातीं आला. हॉफमन मात्र तो सोहळा पाहावयास हयात नव्हते. पुढील वर्षीं, १४ जुलै १९०७ रोजीं, सर विल्यम पर्किन यांचें देहावसान झालें. त्यांचे तिन्ही पुत्रहि रसायनज्ञ झाले.

त्याच १९०६ सालीं मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत सतरा-अठरा वर्षांचा एक विद्यार्थी प्रकाशमापनाचें यंत्र लावून बसला होता. पुस्तकांत न सांगितलेले पट्टे त्याला दिसले; त्यानें ते दृष्टिआड केले नाहींत, त्यांवर लेख लिहून लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझीनकडे पाठविला, आणि तो नोव्हेंबरांत छापून आला. त्या विद्यार्थ्याचें नांव चंद्रशेखर वेंकट रामन. शॅडवेलची अर्धी खोली काय किंवा मद्रासचें कॉलेज काय, गुण एकच.

विद्यार्थ्यांनो, पदवी मिळण्यापूर्वींच मुलांनीं संशोधनाचें लहानसें काम हातीं घ्यावें, असें आतां सर्वत्र मानूं लागले आहेत. आपल्या देशाच्या २०२०च्या शैक्षणिक धोरणांतहि चार वर्षांच्या पदवीच्या शेवटच्या वर्षीं त्याची सोय सुचविली आहे. तुमच्यापैकीं कित्येकांवर ती वेळ येईल. कोणी विहिरीच्या पाण्यांतील क्षार मोजील, कोणी ओढ्यांतील किडे गणील, कोणी मूळसंख्यांच्या ओळींत कांहीं क्रम सांपडतो का तें पाहील. साधनें अपुरीं असतील. पर्किनजवळ पाण्याचा नळहि नव्हता. उत्तर अपेक्षेप्रमाणें येणार नाहीं. त्याचेंहि आलें नाहीं. त्या वेळीं शेजाऱ्याची वही मागूं नका. जें दिसलें तेंच लिहा, आणि तें कां दिसलें हें एकदां तरी विचारा. आम्हां शिक्षकांनीं टॉमस हॉल यांची जेवणाची सुटी आठवावी, आणि पालकांनीं त्या सुताराची शिल्लक. मोरींत ओतलेल्या नळ्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. परंतु त्यांतील एखादींत जांभळा रंग असेल, हें विसरूं नये.